न नेलेला फोटो

खुर्चीवर बसलेल्या माणसाला "हसा" म्हटलं की तो हसायचं सोडून श्वास रोखतो, हे मी ढाणकीत तीसेक वर्षं बघतोय. पासपोर्ट फोटोतला माणूस नेहमी इंजेक्शनची वाट बघत बसल्यासारखा दिसतो तो त्यामुळेच. म्हणून मी "हसा" म्हणतच नाही. "काय म्हणते हळद यंदा?" असं विचारतो. समोरचा सांगायला लागतो, सांगून झालं की ओठ मिटतो, आणि तो ओठ मिटताना मी बटण दाबतो. ही माझी स्वतःची युक्ती आहे. इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. आता अर्धे लोक मोबाइलवरच फोटो काढतात आणि माझ्याकडे फक्त प्रिंटला येतात, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही.

मी सलीम. गावात कोणी सलीमभाई म्हणतं, कोणी फोटोवाले चाचा, शाळेतली पोरं काका म्हणतात. बसस्टँडच्या रस्त्याला खाली दुकान, वर घर. शिकलो मराठी शाळेत, घरात हिंदी बोलतो, आणि गिऱ्हाइकाशी ते ज्या भाषेत भांडेल त्या भाषेत.

आमच्या धंद्यातली खरी कारागिरी फोटो काढण्यात नसते, टचिंगमध्ये असते. टचिंग म्हणजे चेहरा साफ करणं. यवतमाळला ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, बारीक टोकाची पेन्सिल होती. चेहऱ्यावर जिथं काळा डाग असतो तिथं निगेटिव्ह पातळ दिसते. त्या जागी पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा भरायच्या, म्हणजे छापताना डाग उजळ येतो. एका चेहऱ्याला दीड तास लागायचा आणि मान अशी अवघडायची की जेवताना ताटाकडे वाकता यायचं नाही. उस्ताद म्हणायचे, "आरसा तर प्रत्येकाच्या घरी असतो. आपल्याकडे माणूस आरशापेक्षा चांगलं पाहायला येतो." पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिलीच्या जागी माउस आला, दीड तासाचं काम चार मिनिटांवर आलं, पण रीत तीच राहिली. मुरूम, वांग, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, सगळं काढून द्यायचं. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. विचारलं तर माणूस ओशाळतो, असं आम्हाला शिकवलेलं होतं. आणि साफ केलेला फोटो सेव्ह केला की मूळ फोटो ठेवायचा नाही. ठेवणार कुठं? कॉम्प्युटर लोकांच्या लग्नांनीच गच्च भरलेला असतो.

या दुसऱ्या सवयीचा फटका मला एकदा आधीही बसला होता. एका गृहस्थांना मेव्हण्याच्या लग्नाच्या फोटोतून मेव्हणाच काढून हवा होता. भांडण झालेलं. मी काढून दिला, त्याच्या जागी मांडवाचा पडदा लावला, कोणाला कळू नये असं काम केलं. वर्षभरानं भांडण मिटलं आणि तेच गृहस्थ मेव्हण्याला परत बसवायला आले. मूळ फोटो माझ्याकडे नव्हता. त्यांच्या घरात आजही नवरी एका पडद्याशेजारी उभी आहे. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो, शिकलो मात्र काही नाही.

अंगावर जन्मखूण घेऊन आलेली पोरं या दुकानात कमी नाही आली. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. सात-आठ वर्षांचं लेकरू कॅमेऱ्यासमोर बिनधास्त बसतं, मग त्याच्या कपाळावर काही असो. तेच लेकरू नववी-दहावीत येतं तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी लाइट कुठून येतो ते बघतं. एका किराणा दुकानदाराचा मुलगा होता, त्याच्या मानेवर तळहाताएवढा काळा डाग. त्यानं आपला मार्ग शोधला होता. विचारणाऱ्या प्रत्येकाला तो नवी हकिगत सांगायचा. मला सांगितलं बिबट्यानं पंजा मारला, मैत्रिणींना सांगितलं आगीतून वासरू काढताना भाजलं. त्याची आई एकदा सोबत होती. ती म्हणाली, "काहीच्या काही सांगते हा! जन्मला तसाच हाय तो." पोरगं आईवर असं भडकलं की फोटो न काढताच निघून गेलं. पुढं ते मोठं झालं, दाढी वाढवली, हकिगती बंद झाल्या.

पल्लवीला अशा हकिगती जमल्या नाहीत.

पल्लवी इथून जवळच्या तांड्यातली. वडील देवीदासभाऊ, शेती करतात, बोलणं मोजकं. तिच्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत पिकल्या जांभळाच्या रंगाची खूण आहे, जन्मापासून. पाच वर्षांची असताना ती आईबरोबर शाळेच्या दाखल्यासाठी फोटो काढायला आली होती. तिची आई, तिची याडी, मी न विचारताच सांगायला लागली, "ग्रहणात म्या विळी हातात घेतलती भाऊ, त्याचंच हाय हे." पोरीला त्याचं काही नव्हतं. ती खुर्चीवर राणीसारखी बसली आणि म्हणाली, "काका, माहा फोटो पेपरात येईन का?" मी फोटो काढला आणि रीतीप्रमाणे गाल साफ करून आठ कॉपी दिल्या. याडीनं फोटो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि हसून म्हणाली, "हे माही पोरगी नोहेच." मी ती आपल्या कारागिरीची तारीफ समजलो.

नंतर ती आली ती थेट नववीत. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो पाहिजे होता. अर्धा चेहरा ओढणीत, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. मैत्रिणीला तिनं बाहेर उभं केलं, पडदा ओढला, मग ओढणी सोडली आणि लगेच मान अशी वळवली की कॅमेऱ्याला फक्त उजवा गाल दिसावा.

"पल्लवी, पासपोर्ट फोटो हाय हा. दोन्ही कान दिसले पाह्यजेत."

"एका कानानं नाही भागत का, काका?"

"नाही भागत."

"मंग हे काढून टाकसान?" तिनं गालाकडे बोटही केलं नाही, नुसती त्या बाजूची भुवई उचलली.

मी तिला शेजारी स्टुलावर बसवून स्क्रीनवर तिच्यासमोरच तो गाल साफ केला. उजव्या गालाची कातडी उचलायची आणि डावीकडे लावत जायची, एवढंच असतं. ती श्वास रोखून बघत होती. शेवटचा जांभळा ठिपका गेला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो खोटा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मलाही बरं वाटलं. आपण पोरीचं भलं केलं असं वाटत मी तो दिवस घालवला.

मग ती दर दोन-तीन महिन्यांनी यायला लागली. कधी मोबाइलवर लावायला फोटो, कधी मावसबहिणीच्या लग्नातला, कधी उगाचच. फोटो होईपर्यंत गप्पा मारायची. वर्गात ती डाव्या भिंतीला लागून बसायची, म्हणजे तो गाल भिंतीकडे. वेणी डावीकडून पुढे. लेझीममध्ये तिच्यासारखा हात शाळेत कोणाचा नव्हता, पण गॅदरिंगला तिनं नाव दिलं नाही. एकदा मला म्हणाली, "काका, नवीन माणूस भेटलं ना, ते आधी माह्या गालाकडं पायते, मंग डोयाकडं. मी मनात आकडे मोजत असतो. कोनी तीनावर येते, कोनी दहावर. एक बाई बसमध्ये पुसदपर्यंत डोयावर आलीच नाही."

मी हसलो, ती पण हसली. पण वर जेवायला गेल्यावरही ते आकडे डोक्यातून जाईनात. बायकोला, रुखसानाला, सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हर बार दूसरी लड़की बना के देते तुम उसको." मला राग आला. धंद्यातलं तुला काय कळतं, असं काहीतरी मी बोललो. तिनं भाकरी उलटली आणि विषय सोडून दिला.

दहावीच्या निरोप समारंभाला शाळेनं मला ग्रुप फोटोसाठी बोलावलं. ग्रुप फोटोचं गणित वेगळं असतं. पन्नास चेहरे एकेक करून साफ करायला बसलो तर माझाच निरोप समारंभ होईल, म्हणून ग्रुप फोटोला टचिंग नसतं. खाली शाळेचं नाव, वर्ग, आणि ओळीनं सगळ्यांची नावं छापायची, की झालं. त्या दिवशी मी सगळ्यांना उभं केलं. पल्लवी दुसऱ्या ओळीत, ओढणी गालावर घट्ट. मी तीन म्हणणार तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या खुर्चीचा एक पाय मऊ मातीत रुतला आणि सर तिरपे झाले. सर लगेच सावरले, चेहरा असा केला की जणू काही घडलंच नाही, आणि नेमक्या त्याच वेळी मागं सगळ्या पोरी खळखळून हसत होत्या. पल्लवीची ओढणी खांद्यावर, मान ताठ, दात दिसताहेत, पूर्ण चेहरा उजेडात. मी बटण दाबलं. नंतर आणखी दोन फोटो काढले, पण एकात पोरांचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात कुत्रं आलेलं. मुख्याध्यापकांना स्वतःचा चेहरा पहिल्यातच आवडला. तोच छापायचं ठरलं.

फोटो तयार झाल्याचं कळलं तशी पल्लवी दुकानात आली. बराच वेळ काउंटरवर वाकून बघत राहिली.

"काका, मले यातून काढून टाका."

"गाल साफ करू म्हणतेस? अगं, साऱ्या कॉपी निघाल्या."

"गाल नाही. मलेच काढा."

मला तो मेव्हणा आठवला आणि मी मूर्खासारखा हसलो. म्हणालो, "एवढ्या चेहऱ्यांत तुले कोन पायते?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हसू तोंडातच विरलं. स्वतःची कॉपी न घेता ती गेली. न नेलेल्या फोटोंसाठी माझ्याकडे एक ड्रॉवर आहे, प्रत्येक पाकिटावर नाव घालून ठेवतो. तिची कॉपी तिथं गेली. नंतर कित्येक महिने ती दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे करायची. मला वाटायचं, चूक झाली. निदान तिचा एकटीचा गाल तरी साफ करायला हवा होता. तेव्हा माझी अक्कल एवढीच होती.

बारावीत तिचा राग निवळला. नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची होती, फॉर्मला फोटो लागत होता. आली, पडदा ओढला, खुर्चीवर बसली. काही सांगावं लागलं नाही. मी नेहमीपेक्षा जास्त जीव लावून काम केलं, अगदी कातडीची छिद्रंसुद्धा जुळवली. मूळ फोटो रीतीप्रमाणे गेला. फॉर्म तिनं शेजारच्या ऑनलाइन सेंटरवर भरला. त्यात ओळखीची खूण असा एक रकाना असतो. तिनं लिहिलं, उजव्या मनगटावर तीळ.

परीक्षेचं केंद्र यवतमाळला. बापलेक आदल्या दिवशीच एसटीनं गेले, मावशीकडे मुक्काम केला. मला हे माहीत होतं, कारण देवीदासभाऊ जाताना दुकानात डोकावून गेले होते. "पोरगी आयकतच नाही भाऊ, नर्सच व्हायचं म्हणते," एवढं म्हणाले, आणि त्यांच्या मानानं ते भाषणच होतं. पल्लवीनं दोन वर्षं त्या परीक्षेसाठी रक्त आटवलं होतं. तांड्यातून बारावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खुर्चीवर एक म्हातारेबुवा बसले होते, शेजारच्या गावचे, कसल्याशा योजनेच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून आलेले. केस ओले करून भांग पाडलेला, तोंडाला पावडर. मी हळदीचा प्रश्न विचारणार तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी होती. आवाज असा की मी आधी घाबरलो, काही अपघात झाला की काय.

"काका, मले आत सोडून नाही राह्यले."

"काहून?"

"हॉलतिकिटावरचा फोटो माहा नाही म्हणतात. दुसऱ्या पोरीचा हाय म्हणतात, मी तिच्या जागी बसाले आली म्हणतात. आधारावर मी पाच वर्सांची हाय, झेरॉक्समध्ये सारं तोंड काळं आलं. मनगटावरचा तीळ दाखोला तर मॅडम म्हणे, गालावर एवढी मोठी खून असून तू तीळ लिहिला?"  मग जे म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "काका, माहा खरा फोटो हाय का तुमच्याजवळ? गेट बंद व्हाले पाऊन तास राह्यला."

"हाय, हाय, पाठवतो," म्हणून मी कॉम्प्युटरकडे धावलो. तिच्या नावानं शोधलं. बावीस फोटो निघाले. ओढणीतले, पंजाबी ड्रेसमधले, शाळेच्या गणवेशातले. एकेक उघडत गेलो. गोरा, गुळगुळीत गाल. पुन्हा गोरा, गुळगुळीत गाल. बावीसच्या बावीस. लहानपणीचा फोटो असलेला जुना कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला होता, आणि त्यातलाही साफ केलेलाच होता. कॅमेऱ्याचं कार्ड मी प्रत्येक लग्नानंतर पुसतो. एवढी वर्षं ती माझ्याकडे येत होती, आणि माझ्या दुकानात पल्लवीचा एकही फोटो नव्हता.  आपल्याच कारागिरीनं पोरीचं वाटोळं केलं, हे अगदी स्पष्ट दिसत होतं.

"कोन पोरगी?" म्हातारेबुवांनी खुर्चीवरूनच विचारलं. "थे लाल गालाची? देवीदासची?"

"हो, तीच."

"मंग काहून नाही ओळखत? साऱ्या ढाणकीच्या बजारात ओळखते तिले."

रुखसाना आवाज ऐकून खाली आली होती. दोन वाक्यांत मी तिला सांगितलं. ती ड्रॉवरकडे बोट दाखवून म्हणाली, "वो स्कूल का फोटो? जो उसने लिया नहीं?"

ग्रुप फोटो कॉपी निघाल्यावर कॉम्प्युटरवरूनही पुसलेला, उरली होती ती तिची कॉपीच. मी ड्रॉवर ओढला तो पूर्ण बाहेरच आला आणि जमिनीवर पालथा झाला. वर्षानुवर्षांची न नेलेली माणसं दुकानभर पसरली. मोडलेल्या सोयरिकींचे फोटो, वारलेल्या म्हाताऱ्यांचे, गाव सोडून गेलेल्यांचे. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून पाकिटं वाचत होतो, आणि म्हातारेबुवाही खुर्चीवरून उतरून शोधायला लागले, त्यांना वाचता येत नव्हतं तरी. पाकीट रुखसानाला सापडलं.

मोठा फोटो. शाळेचं नाव, वर्ग, ओळीनं नावं, आणि मुख्याध्यापकांचा ताठ चेहरा. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी पल्लवी, सगळा गाल उजेडात, हसतेय. टचिंग नावालाही नाही. म्हातारेबुवांनी फोटो दारातल्या उजेडात धरला, मी मोबाइलवर त्याचे तीन-चार फोटो काढले, एक पूर्ण, एक तिच्या चेहऱ्याचा, एक नावांचा, आणि पाठवून दिले.

पाच मिनिटांत तिच्याच नंबरवरून फोन आला. केंद्रावरच्या मॅडम बोलत होत्या. आवाज कडक.

"हॉलतिकिटावरचा फोटो तुम्हीच काढला का?"

"हो, मॅडम."

"मग त्यात या मुलीचा चेहरा असा का नाही?"

"मॅडम, आम्ही चेहरे साफ करून देतो. सगळ्यांचेच."

"साफ? म्हणजे, मळका होता का तो?"

 तीस वर्षं मी तो शब्द दिवसातून दहा वेळा वापरला आणि तो कानावर असा पहिल्यांदाच पडला.  मॅडम जरा सौम्यपणे म्हणाल्या, "दुकानाच्या लेटरहेडवर लिहून द्या, की फोटोत बदल तुम्ही केला, मुलगी हीच. सही, शिक्का. लगेच पाठवा. मी वरिष्ठांना विचारते. घड्याळ बघा."

मी लिहिलं: "सदर मुलीच्या डाव्या गालावर जन्मतः खूण आहे. ती मी फोटोतून माझ्या हातानं काढून टाकली. असा बदल केल्याची चूक माझी आहे, मुलीची नाही." माझं अक्षर एरवी बरं आहे. त्या दिवशी ते शाळेतल्या पोरासारखं आलं. शिक्का मारला, फोटो काढला, पाठवला. नंतर काही करण्यासारखं उरलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे आम्ही तिघं बघत राहिलो. दहा मिनिटं राहिली, मग सात. रुखसानाचे ओठ दुवा पुटपुटत होते. मी फोन लावला तर लागेना. गेट बंद व्हायची वेळ आली, गेली. मी तिथल्या पाकिटांतच बसलो.

त्यानंतर चार मिनिटांनी देवीदासभाऊंचा फोन आला. तो मोजकं बोलणारा माणूस मोठ्यानं रडत होता, त्यामुळे आधी मला उलटंच वाटलं.

"काय झालं, भाऊ? बोला ना!"

"गेली," ते म्हणाले. "गेली ना आत! आखरीच्या मिनिटाले गेली. मॅडमनं हाताले धरून नेली."

 मी हसत होतो, रुखसाना पदरानं डोळे पुसत होती. म्हातारेबुवा परत खुर्चीवर जाऊन बसले, भांग सारखा केला आणि म्हणाले, "आता माहा काढता का? आन् माही मिशी नका बाबा साफ करू." मी त्यांचा फोटो काढला, एकही सुरकुती हलवली नाही. त्यांना तो काही विशेष आवडला नाही.

आठवडाभरानं पल्लवी एकटी दुकानात आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं बोलू दिलं नाही. म्हणाली, "मीच सांगतलं होतं ना काढा म्हणून. तुमी एकटेच कायले रडता?" मग काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "माही कॉपी द्या."

मी ग्रुप फोटो पाकिटात घालून दिला. ती लगेच गेली नाही. फोटो बाहेर काढून उभ्या उभ्या बघत राहिली. "त्या मॅडमनं हा फोटो पाह्यला आन् मले पाह्यलं," ती म्हणाली. "म्हने, अशी हसत जाय ना, मंग लवकर ओळखू येशीन. मले राग आला पैले. परीक्षेत अर्धा घंटा त्याच रागात पेपर लिहिला." ती हसली. "कठीन प्रश्न सारे त्या अर्ध्या घंट्यात झाले."

एका दिवसात सारं पालटलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. बसमध्ये ती अजूनही डाव्या बाजूची खिडकी धरते, गाल काचेकडे करून बसते. तांड्यातल्या एका लग्नात ओढणी घट्ट होती, हे मी माझ्याच कॅमेऱ्यातून पाहिलं. पण तिनं एक नवी रीत काढली आहे. कोणी नवीन भेटलं की ती स्वतःच आधी सांगून टाकते, जन्मखूण हाय, भाजलं-बिजलं नाही, दुखत नाही. "मंग आकडा दोनाच्या वर जात नाही, काका," ती म्हणते. मोजणं तिनं सोडलेलं नाही.

माझ्याही दुकानात रीत बदलली. आता मी प्रत्येकाला विचारतो, काय ठेवायचं, काय काढायचं. उस्तादांनी सांगितलं होतं त्याच्या उलट, कोणी फारसं ओशाळत नाही. बरेच जण थोडा विचार करतात, आणि पुष्कळ जण म्हणतात, राहू द्या जसं आहे तसं. आणि कॉम्प्युटरमध्ये "मूळ" नावाची एक जागा केली आहे, तिथं प्रत्येकाचा हात न लावलेला फोटो राहतो. लग्नांसाठी जागा कमी पडते, पडू दे.

निकाल लागला. पल्लवीला यवतमाळच्याच एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. देवीदासभाऊंनी पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवला आणि माझे दोन्ही हात धरून उभे राहिले. पल्लवीला कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. फॉर्म तिथंच बाकावर बसून भरत होती. ओळखीच्या खुणेच्या रकान्याशी थांबली, पेन चावलं, मग लिहिलं, डाव्या गालावर जन्मखूण. तीळ तिनं दुसऱ्या नंबरवर टाकला.

खुर्चीवर बसली. पडदा तिनं ओढला नाही. मी हळदीचं विचारलं तर म्हणाली, "काका, मी नर्स होऊन राह्यली, मले हळदीचं काय विचारता?" आणि ओठ मिटायच्या आत मी बटण दाबलं.

फोटो स्क्रीनवर आला. लाइट छान लागला होता, गाल जसा आहे तसा, जांभळा आणि स्पष्ट. सवयीनं माझा हात माउसवर गेला. मी तो उचलून मांडीवर ठेवला. ती स्टुलावर बसून स्क्रीनजवळ वाकली, तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, एक गोष्ट काढता का?"

मी मांडीवरचा हात तसाच दाबून धरला. "काय?"

"हा पिंपल." तिनं नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "हा काही माहा नाही, चार दिवसांत जाईन. चार वर्स त्या कार्डावर कायले वागवू त्याले?"

मी तो पिंपल काढला. धंद्यातलं सगळ्यात सोपं काम, पण त्यासाठी मला दोनदा चष्मा पुसावा लागला.